जुन्या स्टॉक कारचा गिअरबॉक्स: निवड, तपासणी आणि पुन्हा जोडणी

ओव्हल ट्रॅकवर गाडी एकदा सुटली आणि टॉप गिअर पडला की गिअर बदलायचं काम जवळपास संपतं. त्यामुळे जुनी स्टॉक कार, म्हणजे शोरूमच्या गाडीवरून शर्यतीसाठी केलेली गाडी, पुन्हा उभी करणारे बरेच जण सगळा पैसा इंजिनात घालतात आणि गिअरबॉक्सला तेल बदलून मोकळे होतात. माझ्या मते ही मोठी चूक आहे. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ड्रायव्हर प्रत्येक फेरीत दोनदा ॲक्सिलरेटर सोडतो आणि दोनदा दाबतो. दोनशे फेऱ्यांच्या शर्यतीत गिअरच्या दातांवरचा जोर चारशे वेळा एका बाजूला आणि चारशे वेळा दुसऱ्या बाजूला जातो. एवढ्या उलटापालटीत टॉप गिअर जागेवर टिकणं, ही या बॉक्सची खरी परीक्षा आहे. सुरुवातीच्या काळातल्या गाड्यांत गिअर तुटण्याइतकंच गिअर सुटण्याचं, म्हणजे चालत्या गाडीत तो आपोआप न्यूट्रलमध्ये येण्याचं, दुखणं मोठं होतं, आणि पुढची सगळी कामं तेच डोळ्यांसमोर ठेवून सांगतो आहे.

आधी साल ठरवा

कोणता गिअरबॉक्स बसवायचा हे गाडी कोणत्या सालच्या शर्यतीची आहे त्यावर ठरतं. १९ जून १९४९ रोजी अमेरिकेतल्या शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर नास्कार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेची पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत झाली. पहिला आलेला ग्लेन डनवे बाद ठरला, कारण त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या होत्या, आणि विजय लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरकडे गेला. स्प्रिंगेवरून शर्यत जात होती त्या काळात गाडी शोरूममधून येई तशीच पळवायची होती. म्हणजे बहुतेक गाड्यांत तीन गिअर, आणि लिव्हर स्टिअरिंग कॉलमवर. त्या वर्षीचा विजेता रेड बायरन युद्धात डाव्या पायाला गंभीर जखमी झालेला होता. क्लच दाबता यावा म्हणून त्याच्या पायासाठी पेडलला पोलादी रिकीब बसवलेली असे. त्या काळच्या क्लचची आणि गिअरची रग काय होती, याचा अंदाज त्यावरून येतो.

१९५२ साली हडसन हॉर्नेटने ३४ पैकी २७ शर्यती जिंकल्या. या गाडीचा क्लच तेलात चालणारा होता आणि त्याच्या प्लेटमध्ये बुचाचे तुकडे बसवलेले असत. हडसनवर काम करत असाल तर तिला कोरडी प्लेट बसवायच्या फंदात पडू नका. तो क्लच नीट भरला तर फार गुळगुळीत पकडतो आणि गाडीचा खरेपणाही टिकतो. १९५५ ची क्रायस्लर सी-३०० तर कारखान्यातून पॉवरफ्लाइट नावाच्या दोन गिअरच्या ऑटोमॅटिकसह आली, आणि टिम फ्लॉकने त्या वर्षी १८ शर्यती जिंकून विजेतेपद मिळवलं.

मॉडिफाइड, म्हणजे फेरफार केलेल्या गाड्यांच्या वर्गात मात्र जुन्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या इंजिनाच्या) फोर्डचं राज्य होतं. तिथे १९३९ च्या फोर्डचा, जमिनीवर लिव्हर असलेला तीन गिअरचा बॉक्स सगळ्यांना हवा असे. १९४० पासून फोर्डने लिव्हर कॉलमवर नेली, म्हणून १९३९ ला एवढी मागणी. त्यात लिंकन झेफिरचे गिअर टाकायची रीत होती. झेफिरचा पहिला आणि दुसरा गिअर तिसऱ्याच्या जवळ येतो, त्यामुळे गिअर बदलताना इंजिनचे फेरे फार खाली येत नाहीत. एक गोष्ट इथे विसरू नका. १९४८ पर्यंतच्या फोर्डला बंद टॉर्क ट्यूब आहे, मागच्या चाकांचा रेटा त्या नळीतून पुढे येतो. अशा गाडीला नंतरच्या काळातला उघड्या शाफ्टचा बॉक्स बसवायचा तर मागचा ॲक्सल आणि सस्पेन्शन दोन्ही बदलावे लागतात. फक्त बॉक्स बदलून चालत नाही.

चार गिअरचं युग सुरू झालं १९५७ मध्ये, बोर्गवॉर्नरच्या टी-१० ने. हा बॉक्स प्रथम शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आला. टी-८५ या मजबूत तीन गिअरच्या बॉक्समधूनच तो घडवला गेला: रिव्हर्सचा गिअर मागच्या हाउसिंगमध्ये ढकलला आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचा चौथा गिअर बसवला. पुढे फोर्ड, पाँटियॅक, स्टुडबेकर सगळ्यांनी तो वापरला. १९६३ मध्ये जनरल मोटर्सने स्वतःचा मन्सी आणला, १९६४ मध्ये फोर्डने टॉपलोडर आणि क्रायस्लरने ए-८३३. म्हणून १९६२ च्या फोर्ड गॅलेक्सीत टॉपलोडर दिसला तर जाणकार लगेच ओळखतो. अशा गाडीत मी तरी टी-१० च बसवेन, कितीही शोधावा लागला तरी.

बॉक्स ओळखा

विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, बोल्ट मोजा. बाजूच्या झाकणाला नऊ बोल्ट असतील आणि रिव्हर्सची लिव्हर मागच्या हाउसिंगवर असेल तर तो टी-१०. सात बोल्ट आणि रिव्हर्स मागे, तर मन्सी. सात बोल्ट पण तिन्ही लिव्हर बाजूच्याच झाकणावर, तर तो सॅगिनॉ, आणि तो शर्यतीसाठी घेऊ नका. बाजूला झाकणच नसेल आणि वरून पत्र्याचं झाकण असेल तर टॉपलोडर. त्याच्या केसला बाजूला मोठं भगदाड नसल्यामुळे केस जास्त ताठ राहते, हा त्याचा मोठा गुण. टी-१० बनवणारी वॉर्नर गिअर आणि मन्सी बॉक्सचा कारखाना, दोन्ही इंडियाना राज्यातल्या मन्सी गावातच होते. त्यामुळे नावांचा गोंधळ आजही होतो.

क्लच शाफ्टचे स्प्लाइनही, म्हणजे शाफ्टवरच्या लांबट खाचाही, पाहा. मोठ्या इंजिनांसाठीच्या टॉपलोडरला १ ३/८ इंची, १० स्प्लाइनचा शाफ्ट येतो, लहान इंजिनांच्या बॉक्सला १ १/१६ इंची. क्लच प्लेट त्यानुसारच घ्यावी लागते.

न उघडता गिअरचं प्रमाण काढायची साधी युक्ती आहे. क्लच शाफ्टवर खडूने खूण करा, पहिला गिअर टाका, मागचा शाफ्ट हाताने १० वेळा फिरवा आणि क्लच शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजा. २२ फेरे आले तर १९५७ च्या कॉर्व्हेटसारखा जवळच्या गिअरचा टी-१०, म्हणजे २.२०, १.६६, १.३१, १.००. टॉपलोडरवर २३ च्या थोडं वर आलं तर जवळचा संच: २.३२, १.६९, १.२९, १.००. जवळजवळ २८ आलं तर लांबचा: २.७८, १.९३, १.३६, १.००.

आकडे कागदावर मांडा

इंजिन ६००० आरपीएमवर असताना पुढचा गिअर टाकला तर फेरे कुठे उतरतात, हे काढायला सोपं आहे. नव्या गिअरच्या आकड्याला जुन्या गिअरच्या आकड्याने भागा आणि ६००० ने गुणा. जवळच्या टॉपलोडरमध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर सुमारे ४३७०, मग ४५८०, मग ४६५०. लांबच्या संचात ४१६५, ४२३०, ४४१०. शर्यतीच्या कॅमशाफ्टचं इंजिन ४२०० च्या खाली मरगळत असेल, तर पिटमधून निघताना लांबचा संच तुम्हाला रडवेल. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मात्र तोच सुखाचा.

वेगासाठी २८ इंच व्यासाचं टायर धरा, त्याचा परीघ सुमारे २.२३ मीटर. मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन गिअरचं प्रमाण ३.७० आणि बॉक्स जवळच्या संचाचा टॉपलोडर असेल तर ६००० आरपीएमला टॉपमध्ये ताशी २१७ किलोमीटर येतात, तिसऱ्यात १६८, दुसऱ्यात १२९, पहिल्यात ९४. टॉप गिअर थेट, म्हणजे १.०० असल्यामुळे ट्रॅकप्रमाणे बदलायचं ते मागचं प्रमाण. गिअरबॉक्स तोच राहतो. नास्कारच्या मुख्य गाड्यांत चार गिअरची ही एच पद्धत (लिव्हर इंग्रजी H च्या आकारात फिरते ती) २०२१ च्या हंगामापर्यंत टिकली, यावरून ती किती योग्य होती ते कळतं.

उघडण्यापूर्वी

बॉक्स टेबलावर घ्या, तेल स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि ते फेकू नका. बोटांत चोळून पाहा. पितळेची बारीक चमक सिंक्रो रिंगची (गिअर पडण्याआधी दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या रिंगची) असते, ती थोडी असणारच. पोलादाची पापुद्र्यासारखी खवलं दिसली तर दातांचा किंवा बेअरिंगचा वरचा कडक थर सुटतो आहे. मग प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट फिरवा आणि मागचा शाफ्ट पुढे-मागे ओढून पाहा. कोणत्या गिअरमध्ये काय आवाज येतो, लिव्हर कुठे अडते, हे लिहून ठेवा. उघडल्यावर ही माहिती परत मिळत नाही.

उघडताना

ज्याने महाराष्ट्रात जुन्या महिंद्रा जीपचा तीन गिअरचा टी-९० उघडला आहे, त्याला इथे फारसं काही नवीन वाटणार नाही. तोही वॉर्नर गिअरचाच बॉक्स, आणि लेशाफ्टमधल्या (मेन शाफ्टखालच्या, गिअरचा गठ्ठा वाहणाऱ्या शाफ्टवरच्या) सुट्या, सुईसारख्या निडल रोलरचं दुखणं तेच.

टी-१० मध्ये आधी दुसरा गिअर टाका आणि मगच बाजूचं झाकण काढा, म्हणजे फोर्क (गिअरची स्लीव्ह सरकवणारे काटे) अडकत नाहीत. मागच्या हाउसिंगवरची रिव्हर्स लिव्हरची निमुळती पिन ठोकून काढा, लिव्हरचा शाफ्ट थोडा बाहेर ओढा म्हणजे आतला फोर्क सुटतो, आणि मग हाउसिंग मागे घ्या. मधली प्लेट आणि मेन शाफ्ट एकत्रच मागून बाहेर येतात. मेन शाफ्टचं टोक क्लच शाफ्टच्या पोकळीत रोलरवर बसलेलं असतं. ते रोलर तिथेच खाली सांडतात, म्हणून आधीच खाली कापड पसरा.

टॉपलोडरमध्ये क्रम वेगळा आहे. फोर्कचे सेट स्क्रू आणि रेल (फोर्क ज्यांवर सरकतात त्या दांड्या) काढल्यावर आधी लेशाफ्ट खाली सोडावा लागतो, तेव्हाच वरचा मेन शाफ्ट बाहेर काढायला जागा मिळते. हे माहीत नसलेले लोक हातोड्याने केस फोडतात.

दोन्हीकडे लेशाफ्टच्या गिअरसाठी डमी शाफ्ट लागतो. मूळ शाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि गिअरच्या लांबीएवढाच गोल रॉड लेथवर करून घ्या. तो पुढे सरकवत मूळ शाफ्ट बाहेर ढकलला की सगळे रोलर जागेवर राहतात आणि गिअर अलगद केसच्या तळाशी बसतो. प्रत्येक ओळीतले रोलर मोजून वेगळ्या डबीत ठेवा आणि नव्या किटमधले त्याच्याशी जुळवून पाहा. एक रोलर कमी राहिला तर बाकीचे तिरके होतात आणि शाफ्ट खाऊन टाकतात.

काय पाहायचं

तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या स्लीव्हपासून (सरकून गिअर शाफ्टला जोडणाऱ्या कड्यापासून) सुरुवात करा. गिअर धरून ठेवणारे बारीक दाते मागच्या बाजूला किंचित निमुळते असतात, म्हणजे जोर आला की स्लीव्ह आत ओढली जाते. हे दाते गोल झाले की ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर टॉप सुटतो. टोक धारदार आहे की गुळगुळीत, हे नखाने कळतं. स्लीव्ह आणि गिअरवरचे दाते दोन्ही तपासा. एकच बाजू नवीन घातली तर ती लवकरच जुन्यासारखी होते.

सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर दाबून फिरवा, ती चिकटली पाहिजे. रिंग आणि गिअर यांच्या मधली फट फीलर गेजने मोजा आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी पडताळा. फटच उरली नसेल तर रिंग संपली. फोर्कची टोकं एका बाजूने चपटी झाली असतील तर टॉप सुटण्याचं तेही कारण धरा. चपट्या फोर्कमुळे गिअर पूर्ण आत जात नाही आणि अर्धवट धरलेले दाते सगळा भार सोसतात.

लेशाफ्टवर निडल रोलरचे ओरखडे किंवा खड्डे दिसले तर शाफ्ट बदला. पॉलिश करून वेळ मारून नेऊ नका. जास्त जोराच्या इंजिनासाठी पोलादी गिअर आणि लोखंडी केस मॅग्नाफ्लक्सने (चुंबकाच्या मदतीने तडे दाखवणाऱ्या पद्धतीने) तपासून घ्या. ॲल्युमिनियमच्या केसवर ती पद्धत चालत नाही, तिथे तड्यात शिरून तो दाखवणारं रंगाचं डाय पेनिट्रंट वापरा. लेशाफ्टची भोकं आणि बेअरिंगची बसकण यांच्या आसपासच तडे जास्त सापडतात.

मन्सीच्या एम-२२ ला 'रॉक क्रशर' म्हणतात, कारण त्याचे दाते सरळ कापल्याच्या जवळ जातात. साध्या मन्सीत दात्यांचा तिरकस कोन जास्त असतो. कमी तिरका दाता शाफ्टला लांबीच्या दिशेने कमी ढकलतो, म्हणून उष्णता आणि थ्रस्टचा भार कमी. आवाज मात्र जास्त. चालू असताना तो घरघर करतो म्हणून घाबरून उघडू नका.

जोडणी

केस आणि सगळे भाग केरोसिनने धुवून हवा मारा. डमी शाफ्टवर लेशाफ्टचा गिअर ठेवून रोलर पांढऱ्या वॅसलिनमध्ये चिकटवा, जड ग्रीस नको, ते तेलात लवकर विरघळत नाही. थ्रस्ट वॉशर दोन्ही बाजूंना लावून गिअर तळाशी ठेवा. मूळ शाफ्ट आत गेल्यावर गिअरचा पुढे-मागे प्ले मोजा. टॉपलोडरसाठी तो ०.००४ ते ०.०१८ इंच हवा. जास्त असेल तर वॉशर बदला, कमी असेल तर गरम झाल्यावर घासणार. टी-१० साठी त्याच्याच मॅन्युअलमधला आकडा घ्या. लेशाफ्ट स्वतः फिरू नये म्हणून लावलेली चावी किंवा पिन विसरू नका. ती नसली तर शाफ्ट केसच्या भोकात फिरून भोक मोठं करतो, आणि मग केसच गेली.

मेन शाफ्ट लावल्यावर झाकण लावण्याआधी प्रत्येक गिअर हाताने टाका आणि काढा. दोन गिअर एकाच वेळी पडतात का, हेही मुद्दाम तपासा. तसं होऊ न देणं हेच इंटरलॉकचं काम आहे. तो चुकून उलटा बसला तर वेगात दोन गिअर एकत्र पडून मागची चाकं लॉक होऊ शकतात.

बेल हाउसिंग सरळ बसवणं

एवढं सगळं बरोबर केलं तरी टॉप सुटत राहतो, अशी तक्रार येते, आणि लोक बॉक्स पुन्हा उघडतात. बहुतेक वेळा दोष बॉक्सच्या बाहेर असतो. इंजिन आणि बॉक्स यांना जोडणारं, क्लचवरचं बेल हाउसिंग वाकडं बसल्यामुळे क्रँकशाफ्ट आणि क्लच शाफ्ट एका रेषेत नसतील तर क्लच शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात थोडा वाकतो आणि टॉप गिअरच्या स्लीव्हला बाहेर ढकलत राहतो.

स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. फ्लायव्हीलवर चुंबकाने डायल गेज लावा आणि त्याचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेवर टेकवा. क्रँक हळू एक पूर्ण फेरा फिरवा आणि सगळ्यात मोठं व सगळ्यात लहान वाचन यांतला फरक घ्या. तो ०.००५ इंचाच्या आत हवा, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर. त्याहून जास्त असेल तर इंजिन ब्लॉकमध्ये केंद्र एका बाजूला सरकवलेल्या डॉवेल पिना (हाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या पिना) लागतात. त्या ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचाच्या मिळतात. इथे गोंधळ होतो म्हणून उदाहरण देतो. गेजवर ०.०१४ फरक आला, तर प्रत्यक्ष केंद्र निम्मंच, ०.००७ इंच सरकलेलं आहे. त्यामुळे ०.००७ ची पिन घ्यायची. दोन्ही पिना एकाच दिशेला वळवा, बोल्ट आवळा आणि परत मोजा.

मग गेजचं टोक हाउसिंगच्या मागच्या तोंडावर टेकवून ते तोंड काटकोनात आहे का हे पाहा. क्रँकला पुढे-मागे प्ले असतो, म्हणून फिरवताना तो एकाच बाजूला दाबून धरा, नाहीतर वाचन खोटं येतं. गॅस्केटचा तुकडा किंवा रंगाची खपली मध्ये असली तरी तोंड तिरकं होतं. दोन्ही पृष्ठभाग उघड्या धातूपर्यंत साफ हवेत.

शर्यतीत गाडी पळवणार असाल तर ओतीव बेल हाउसिंगऐवजी एसएफआय ६.१ या शर्यतीच्या सुरक्षा दर्जाचं पोलादी घ्या. फ्लायव्हील किंवा क्लच फुटला तर तुमचे पाय वाचवणारी वस्तू तीच आहे. दिसायला जुनं वाटत नाही म्हणून ते टाळू नका.

बॉक्स बसवताना क्लच शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमधून क्रँकशाफ्टच्या टोकातल्या पायलट बुशमध्ये हाताने सरकला पाहिजे. बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेऊ नका. केसचा कान तुटतो किंवा क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. मागचा माउंट आणि क्रॉस मेंबर लागेपर्यंत बॉक्स जॅकवर धरून ठेवा.

लिंकेज, तेल आणि पहिली फेरी

लिंकेजचे, म्हणजे शिफ्टरपासून बॉक्सपर्यंत जाणारे, रॉड बेतशीर बसवायला सगळ्या लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि शिफ्टरच्या भोकातून त्याच मापाची पिन आरपार घाला. रॉडची लांबी अशी लावा की पिन सहज सरकेल. प्रत्येक गिअरमध्ये शिफ्टरची लिव्हर शेवटच्या थांब्याला लागण्याआधी बॉक्समधला गिअर पूर्ण बसला पाहिजे. उलट झालं तर थांबा आधी लागतो, गिअर अर्धवट बसतो आणि मग दोष पुन्हा बॉक्सच्या माथी येतो. कॉलमवरच्या तीन गिअरच्या लिव्हरमध्ये रॉडांच्या बुशांची झीज पाहा. दोन रॉड एकदम सरकून अडकले की गिअर जाम होतो, आणि शर्यतीच्या मध्यात ते सोडवायला बोनेट उघडावं लागतं. जुन्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय, किंवा डबल क्लच (न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, ॲक्सिलरेटर देऊन पुन्हा क्लच दाबणं) केल्याशिवाय, पहिला गिअर टाकू नका.

तेल जीएल-४ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० घ्या. डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ तेलातली काही रसायनं पितळेच्या सिंक्रो रिंगला खातात. भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं की पुरे. जास्त भरलं तर ते पुढच्या सीलमधून क्लचवर येतं.

पहिल्यांदा चालवताना मागची चाकं जॅक स्टँडवर पक्की ठेवा, पुढच्या चाकांना उटी (अडकणीचं लाकूड किंवा दगड) लावा आणि प्रत्येक गिअर हळू तपासा. मग मोकळ्या जागी तिसऱ्या आणि चौथ्यात ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा, आणि लिव्हरवर हात हलका ठेवून तिचा झटका जाणवतो का ते पाहा. लिव्हर सोडताना हलत असेल तर आधी लिंकेज आणि बेल हाउसिंग परत मोजा, मगच बॉक्स खोला. थोडं चालल्यावर गरम असतानाच पहिलं तेल काढून गाळून पाहा. पितळेची बारीक भुकटी दिसली तर नव्या रिंगा बसत आहेत. पोलादाची खवलं दिसली, तर गाडी तिथेच थांबवा आणि लेशाफ्टपासून तपासायला सुरुवात करा.